पोश्चर रिपोर्टमधले ३ अंश नक्की कुणाचे?

आजकाल कंबरदुखीचा पेशंट फिजिओकडे गेला की बऱ्याच ठिकाणी आधी भिंतीसमोर उभं करून फोटो काढतात, एक समोरून एक बाजूने, मग टॅबवर पाच-सहा ठिपके टेकवले की चकाचक रिपोर्ट बाहेर. मान इतके सेंटीमीटर पुढे, उजवा खांदा इतका खाली, पेल्विस (कमरेखालचं हाडांचं कडं) १४ अंश पुढे झुकलेलं, आणि हे सगळं लाल रंगात. पेशंटला घाम फुटतो, तो पॅकेज घेतो, दीड-दोन महिन्यांनी परत फोटो, आता आकडा ११. सगळे खूश. मला अशा वेळी एकच विचारावंसं वाटतं, की हे जे ३ अंश कमी झाले ते पाठीचे झाले, का फोटो काढणाऱ्याचे, का ठिपका टेकवणाऱ्या बोटाचे?

खोचक वाटेल, पण मोजमापाच्या शास्त्रातला हा अगदी पहिला प्रश्न आहे. तीच गोष्ट, काहीही बदललेलं नसताना, परत मोजली तर आकडा परत तेवढाच येतो का? याला रिलायबिलिटी म्हणतात. यात दोन भाग पडतात, एकाच माणसाने दोनदा मोजलं तर काय आणि दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तर काय, आणि दुसऱ्यात साहजिकच जास्त बोंब असते. आणि जे मोजतोय म्हणतो तेच मोजलं जातंय का हा प्रश्न वेगळा, ती व्हॅलिडिटी. दोन्ही गोष्टींची लोक सर्रास खिचडी करतात, आणि ॲप विकणारे तर मुद्दाम करतात असं माझं मत आहे.

जुनी कंबरदुखी म्हणजे ३ महिन्यांच्या वर चाललेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या साधारण ९० टक्के केसेसमध्ये एमआरआय काढा, एक्सरे काढा, 'हे बघा इथे दुखतंय' असं बोट ठेवून दाखवता येईल असं एक कारण सापडत नाही. मग पेशंटलाही काहीतरी दिसणारं हवं असतं आणि समोरच्यालाही काहीतरी दाखवायचं असतं, आणि ती जागा पोश्चरचा आकडा बरोब्बर भरून काढतो.

आता हा आकडा येतो कसा ते जरा जवळून बघू. पोश्चर मोजायचं तर आधी अंगावर हाडांच्या खुणा शोधायला लागतात. कमरेवर हात ठेवले की दोन्हीकडे हाडाची कड लागते ती, मागे दोन खळगे दिसतात तिथलं हाड म्हणजे पीएसआयएस, पुढे बेल्टच्या आसपास टोचणारी दोन टोकं म्हणजे एएसआयएस. पुस्तकातल्या चित्रात हे फार सोपं दिसतं. कमरेच्या दोन्ही कडा जोडणारी आडवी रेघ एक्सरेवर बघितली तर कंबरेच्या चौथ्या मणक्यावर किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधे जाते. पण तीच रेघ बोटांनी चाचपून काढली की बऱ्याचदा एक मणका वर, तिसऱ्या-चौथ्याच्या जवळ पडते, कारण बोट हाडावर टेकतच नाही, ते टेकतं हाडावरच्या कातडीवर आणि चरबीवर. शिडशिडीत पोरात हा घोळ कमी, पन्नाशीच्या पोट सुटलेल्या माणसात जास्त, आणि जुनी कंबरदुखी घेऊन क्लिनिकमध्ये कोण जास्त येतं हे काही सांगायला नको. वर आणि दुखऱ्या जागेवर दाबलं की माणूस आक्रसतो, म्हणजे खूण शोधता शोधताच पोश्चर बदललं.

टेपने करतात ती शोबर टेस्ट घ्या, १९३७ पासूनची आहे. ही खरं तर पोश्चरची नाही, कंबर किती वाकते त्याची टेस्ट, पण खुणेची भानगड तिच्यात फार छान दिसते. पेशंट सरळ उभा, मागच्या खळग्यांच्या लेव्हलला पेनाने एक रेघ, तिच्यावर १० सेंटीमीटरवर दुसरी, आणि म्हणायचं गुडघे न वाकवता पुढे वाका, मग दोन रेघांतलं अंतर किती वाढलं ते बघायचं. आता होतं काय की वाकताना कातडी हाडावरून सरकते, जी रेघ पक्की समजून चाललोय तीच वर ओढली जाते. म्हणून १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी पहिल्या रेघेच्या ५ सेंटीमीटर खाली अजून एक रेघ मारायला सांगितली, म्हणजे एकूण १५ सेंटीमीटर, आणि वाकल्यावर ते २० च्या आसपास किंवा वर गेले तर ठीक. पण जाड मार्कर, कातडीवर नीट न बसलेला टेप, अंतर रेघेच्या वरच्या कडेपासून धरलं का खालच्या, एवढ्यातच अर्धा सेंटीमीटर आरामात इकडे तिकडे होतो, आणि मोजायचंय काय तर जेमतेम ५ सेंटीमीटरची वाढ. म्हणजे दहा टक्के तिथेच गेले, पेशंटने अजून काही केलेलं पण नाही.

पेल्विक टिल्ट हा माझा खास नावडता आकडा. बाजूने बघितलं की पुढचं टोक आणि मागचं टोक जोडणारी रेघ आडव्या रेषेशी किती कोन करते, तो टिल्ट. २००८ मध्ये एक सुंदर अभ्यास झाला, मृतदेहांमधली ३० पेल्विस घेतली आणि सगळी हाडं एकाच ठरलेल्या पोझिशनमध्ये ठेवली, पुढची टोकं आणि प्युबिक हाड (ओटीपोटाच्या खाली पुढे लागतं ते) एका उभ्या रेषेत. म्हणजे कुणाचंच पेल्विस दुसऱ्यापेक्षा पुढे-मागे झुकलेलं नाही. तरी त्या रेघेचा कोन निघाला ० पासून २३ अंशांपर्यंत, सरासरी १३. आणि एकाच पेल्विसच्या डाव्या-उजव्या बाजूत ११ अंशांपर्यंत फरक सापडला. लोकांच्या हाडांचे आकारच वेगवेगळे असतात, नाकं वेगळी असतात तसे. मग तुमच्या रिपोर्टवरच्या १४ मध्ये पोश्चर किती आणि जन्मजात हाड किती, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. इथे जगातल्या सगळ्या फिजिओंनी एकमताने १४ मोजले, म्हणजे रिलायबिलिटी एकदम कडक, तरी त्याचा अर्थ 'तुमचं पेल्विस पुढे झुकलंय' असा निघेलच असं नाही. मघाशी रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी वेगळी म्हणलं ते हेच.

बरं, हाडाची खूण सोडा, माणूस तरी एका जागी असतो का? दिवसभरात आपली उंची साधारण एक टक्का कमी होते, मणक्यांमधल्या चकत्यांमधलं पाणी दाबाने बाहेर जातं म्हणून, आणि त्यातली निम्म्याहून जास्त घट सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात होते. म्हणजे सकाळी ८ ला मोजलेली पाठ आणि संध्याकाळी ७ ला मोजलेली पाठ सारखी नसतेच. दुखणं असेल तर यात अजून भर. काल नीट झोप झाली का, येताना बाइकवरून खड्ड्यांतून आलात का, गोळी घेतली होती का, आदल्या दिवशी कुणाच्या लग्नात चार तास उभे होतात का. काही जण पहिल्यांदा वाकताना घाबरत घाबरत वाकतात आणि तिसऱ्यांदा मोकळे होतात, काहींचं उलटं, तिसऱ्यांदा वाकायला सांगितलं की दुखणं पेटतं आणि ते एका बाजूला कलून उभे राहतात. अशा माणसाचा पहिला आकडा आणि तिसरा आकडा जुळला नाही तर त्यात यंत्राचा काय दोष, मोजणाऱ्याचाही नाही. जुन्या दुखण्यात हा चढउतार हाच आजाराचा भाग असतो, आणि रिलायबिलिटीच्या हिशोबात मात्र तो सरळ 'एरर' म्हणून पडतो.

आणि मोजतायत म्हणल्यावर कोण नेहमीसारखं उभं राहतं? शिंपी टेप घेऊन आला की आपण नकळत पोट आत घेतो, तसंच आहे हे. 'रिलॅक्स उभे राहा' म्हणलं की अर्धे लोक शाळेतल्या सावधानसारखे ताठ होतात, आणि ट्रीटमेंटनंतरच्या फोटोत तर होतातच, कारण आता त्यांना माहीत असतं कुठे बघणार आहेत ते.

यावर बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलच्या टीमचं काम मला फार आवडतं. त्यांनी पाठीवर सेन्सरच्या पातळ पट्ट्या चिकटवून लोकांच्या कंबरेचा आतला बाक, म्हणजे लॉर्डोसिस, क्लिनिकमध्ये उभं राहून तर मोजलाच, पण मग लोकांना घरी सोडून २४ तास मोजला. २०१६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात उभं राहून बाक साधारण ३३ अंश होता, आणि दिवसभराची सरासरी ८ अंशांच्या आसपास. कारण माणूस दिवसभर उभा थोडीच असतो, बसतो, वाकतो, लोळतो. मग तुमचं 'खरं' पोश्चर कुठलं, ३३ वालं का ८ वालं? त्याच मंडळींनी २०१८ मध्ये लोकांना पुन्हा पुन्हा उभं करून बघितलं, कंबर दुखणारे आणि न दुखणारे दोन्ही, आणि निष्कर्ष असा की उभं राहणं हे फार ज्याचं त्याचं असतं आणि तेच माणूस तसंच्या तसं परत उभं राहत नाही. हे दुखणाऱ्यांनाच लागू आहे असंही नाही, सगळ्यांनाच. पण आपण उपचार ठरवतो ते त्या एका क्षणाच्या फोटोवरून.

आता थोडं गणित, घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे फार नाही. रिलायबिलिटी सांगायला संशोधक बहुतेक वेळा आयसीसी नावाचा आकडा देतात (क्रिकेटवाली नव्हे), हा ० ते १ च्या मधे असतो, ०.७५ च्या वर चांगला, ०.९ च्या वर उत्तम असं धरायची पद्धत आहे. ॲपच्या जाहिरातीत हाच टाकतात, 'रिलायबिलिटी ०.९१', आणि आपण मान डोलावतो. पण क्लिनिकमध्ये बसलेल्या एका माणसासाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे कारण त्याला अंशात उत्तर हवंय. म्हणून त्यातून एसईएम काढतात, म्हणजे एका मापात साधारण किती झोल असतो ते. १ मधून आयसीसी वजा करायचा, उरेल त्याचं वर्गमूळ, आणि त्याला गुणायचं लोकांमधल्या नेहमीच्या फरकाने, म्हणजे एसडीने. समजा एखाद्या गटात बाकाचा एसडी १० अंश आहे आणि आयसीसी ०.९१. १ वजा ०.९१ म्हणजे ०.०९, वर्गमूळ ०.३, गुणिले १०, झोल ३ अंश. इथपर्यंत ठीक वाटतं. पण आपल्याला आधीचं आणि नंतरचं अशी दोन मापं ताडून बघायची असतात आणि झोल दोन्हीत असतो, म्हणून ९५ टक्के खात्रीने 'बदल झाला' म्हणायला एसईएमला २.७७ ने गुणावं लागतं. ३ गुणिले २.७७ म्हणजे ८.३ अंश. याला एमडीसी म्हणतात, किमान एवढा फरक पडला तरच तो फरक म्हणायचा.

म्हणजे 'उत्तम' रिलायबिलिटी असलेल्या या कल्पनेतल्या यंत्रावरसुद्धा १४ चे ११ झाले तर कुणी पेढे वाटायची गरज नाही. १४ चे ५ झाले तर बोला. आणि गंमत म्हणजे हेच उलटही लागू आहे, ११ चे १४ झाले म्हणून पेशंटने व्यायाम केला नाही असं म्हणून त्याला झापायचं पण कारण नाही.

आयसीसीची अजून एक खोड आहे. तो गटावर अवलंबून असतो. गटात एकदम सपाट पाठीपासून खूप बाक असलेल्यांपर्यंत सगळ्या तऱ्हेचे लोक घेतले की तोच मोजणारा, तेच यंत्र, तेवढाच झोल, पण आयसीसी वर जातो. सगळे सारखेच घेतले की खाली येतो. आणि बरेचसे असे अभ्यास होतात कुणावर, तर कॉलेजमधल्या विशीतल्या निरोगी मुलामुलींवर, कारण ते फुकटात आणि लगेच मिळतात. तिथला आकडा उचलून दहा वर्षं कंबर धरून बसलेल्या बाईंच्या फाइलवर लावणं बरोबर नाही. पेपर वाचायची सवय असेल तर आधी 'हे कुणावर केलं' तेवढं बघा, बाकी नंतर.

दुसरी चलाखी, आणि ही खरंच पकडण्यासारखी आहे. 'दोन तज्ज्ञांनी मोजलं आणि ०.९९ जुळलं' असं लिहिलेलं असतं, आणि बारकाईने वाचलं की कळतं दोघांनी एकाच फोटोवर कोन मोजलाय. म्हणजे फोटोवर आधीच चिकटवलेल्या स्टिकरच्या मधोमध क्लिक करायचं, हे तर कुणालाही जमेल. खरी परीक्षा म्हणजे स्टिकर काढा, खुणा पुसा, पेशंटला फिरून यायला सांगा, दुसरा माणूस येऊ दे, त्याने परत हाडं चाचपावीत, परत स्टिकर, परत फोटो. जमलं तर दुसऱ्या दिवशी. तिथे आकडे धडाधड खाली येतात.

आणि कोरिलेशन, म्हणजे दोघांचे आकडे बरोबरीने वरखाली होतात का ते, दाखवून कुणी गप्प करायला बघितलं तर तेही चालू देऊ नका. एक फिजिओ कायम दुसऱ्यापेक्षा ५ अंश जास्त मोजत असेल तरी दोघांच्या आकड्यांचं कोरिलेशन एकदम परफेक्ट येऊ शकतं, आणि तरी दोघांचं एकही माप जुळत नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये हेच लिहिलं, की दोन मापांमधला फरकच सरळ काढा आणि तो कुठून कुठपर्यंत पसरलाय ते दाखवा. चाळीस वर्षं होत आली, तरी अजून लोक कोरिलेशनच छापतायत.

मग एक्सरे काढला की झालं का? खुणा शोधायचा प्रश्न बराच सुटतो कारण हाडच दिसतं. पण कॉब अँगल, जो मणक्याच्या वाकडेपणासाठी, म्हणजे स्कोलिओसिससाठी, १९४८ पासून वापरतात, त्यातही दोन डॉक्टरांच्या मापात ५ अंशांच्या आसपास फरक पडतो हे गृहीतच धरलेलं आहे, म्हणून तर स्कोलिओसिसमध्ये ५ अंशांच्या आतली वाढ सहसा वाढ धरत नाहीत. ऑर्थोपेडिकवाल्यांनी हा झोल मान्य करून नियमात घातला, हे मला आवडतं. शिवाय एक्सरेत हात कुठे ठेवले यानेही पाठीचा बाक बदलतो, आणि शेवटी तोही एका क्षणाचाच फोटो. निव्वळ पोश्चरचे अंश बघायला परत परत एक्सरे काढणं तर नकोच, रेडिएशन फुकटचं.

फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांचा दाब मोजणाऱ्या पाटीवर, उभं करून शरीर किती डुलतं ते मोजायचीही पद्धत आहे, कंबरदुखीवाल्यांमध्ये ती बरीच वापरतात. तिथे ३० सेकंदांचं एकच माप फारसं भरवशाचं नसतं, दीड मिनिटापर्यंत उभं करून ३ ते ५ वेळा घेऊन सरासरी काढली की आकडे बरेच सुधारतात. सरासरीचा हा फायदा सगळीकडेच आहे, ४ मापं घेतली की अधूनमधून होणारा झोल निम्मा होतो. मात्र हाडाची खूणच चुकीच्या जागी असेल तर चारही मापं सारखीच चुकतील, तिथे सरासरी काही करू शकत नाही.

एवढं सगळं करून पोश्चर एकदम अचूक मोजलं तरी कंबरदुखीबद्दल त्यातून काय कळतं हा प्रश्न उरतोच. २०१४ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा दुखणाऱ्यांच्या आणि न दुखणाऱ्यांच्या कंबरेच्या बाकात फरक सापडला नाही, दुखणारे कमी आणि हळू वाकतात हे मात्र सापडलं. २०१७ च्या दुसऱ्या एका आढाव्यात दुखणाऱ्यांचा बाक थोडा कमी निघाला. म्हणजे तज्ज्ञांचंच एकमत नाही. आणि दुखतंय म्हणून पाठ सपाट धरली का पाठ सपाट म्हणून दुखतंय, हे फोटोतून कळणारच नाही.

म्हणून पोश्चर बघूच नये असं मी म्हणत नाही. एका बाजूला पूर्ण कललेला पेशंट, पाय लुळा पडत असलेला पेशंट, हे डोळ्यांनी दिसतं आणि दिसायलाच हवं, त्याला दशांश लागत नाही. पण आकडा द्यायचा असेल तर मग नीट द्या. पहिल्यांदा आणि शेवटी मोजणारा माणूस एकच, वेळ शक्यतो तीच, कपडे तेच, पायांच्या जागा जमिनीवर आखलेल्या, नजर समोर, दोन पावलं जागच्या जागी चालून मग थांबायचं, तीन-चार मापं आणि त्यांची सरासरी. आणि मोजणाऱ्याला आधीचा आकडा दाखवू नका, नाहीतर त्याचंही बोट जिकडे हवं तिकडे वळतं. पेशंट म्हणून तुम्ही एवढंच विचारा, 'या मशीनवर किती अंशांचा फरक पडला तर तो खरा धरायचा?' उत्तर आलं तर माणूस बरा आहे. 'मशीन अचूक आहे हो' असं आलं तर समजून जा.

त्यापेक्षा ज्यासाठी आलात ते मोजा ना. किती वेळ बसता येतं, बादली उचलता येते का, झोप मोडते का. ओस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली हेच विचारते, १० भाग असतात, १०० पैकी स्कोर, जास्त म्हणजे त्रास जास्त, आणि तिची मराठी आवृत्ती आपल्याकडच्या पेशंटवर तपासून बघितलीय, २०१३ मध्ये स्पाइन जर्नलमध्ये तो पेपर आला. फिजिओकडे मागितली तर मिळते, भरायला पाच मिनिटं. तिलाही हाच हिशोब लागू आहे बरं का, साधारण १० गुण किंवा आधीच्या स्कोरच्या ३० टक्के फरक पडला तर तो पेशंटला जाणवणारा फरक मानतात. म्हणजे ४२ वरून ३८ झाला तर अजून थांबा, ४२ वरून २८ झाला तर जे चाललंय ते चालू ठेवा, मग फोटोत पेल्विस किती का अंश असेना.